पाड्यावरची गोष्ट, कपाटातले पुस्तक

मुले वाचत नाहीत, ही तक्रार महाराष्ट्रात घरोघरी ऐकू येते. पुण्या-मुंबईत तिचा अर्थ असा की आजीने वाचलेली, आईने जपलेली पुस्तके घरात असूनही मूल ती उघडत नाही. नंदुरबार जिल्ह्यात, अक्राणी किंवा अक्कलकुवा तालुक्यातल्या एखाद्या पाड्यावर हेच वाक्य उच्चारले तर ते लागूच पडत नाही. तिथे बहुतेक घरांत पुस्तकच नसते. २०११च्या जनगणनेत राज्याची साक्षरता ८२ टक्क्यांच्या वर होती आणि नंदुरबारची साधारण ६४ टक्के, म्हणजे सगळ्या जिल्ह्यांत तळाला. साडेसोळा लाखांच्या वस्तीत ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे: भिल्ल, पावरा, गावित, कोकणा आणि इतर. घरात भिलोरी, पावरी, मावची, देहवाली. तापीकाठच्या गावांत अहिराणी आणि गुजरी. नंदुरबार शहरातल्या कितीतरी घरांत गुजराती. शाळेची मराठी यांतल्या बहुतेक मुलांच्या कानावर पहिल्यांदा पडते ती शाळेतच. ही आकडेवारी समोर ठेवून मुलांच्या नावाने बोटे मोडणारे पुष्कळ आहेत. मला मात्र वाटते की या मुलांना वाचनाची आवड नाही असे म्हणण्याजोगा पुरावाच इतिहासात सापडत नाही. पुरावा सापडतो तो निराळ्याच गोष्टीचा. गेली दोनशे वर्षे सातपुड्याच्या या कुशीत जो जो कागद आला, तो काहीतरी वसूल करायला, मोजायला, बजावायला किंवा पाठ करून घ्यायला आला. गोष्ट सांगायला कागद जवळपास आलाच नाही. गोष्ट होती, भरपूर होती, पण ती तोंडात राहिली. कागद आणि गोष्ट यांची गाठ जिथे थोडीफार पडली, तिथेच लहान मुलाच्या स्वतःच्या वाचनाला जागा झाली.

आधी तो कागद पाहू. १८१८मध्ये खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आला. डोंगरातल्या भिल्लांशी कसे वागावे हा कंपनी सरकारपुढचा मोठा प्रश्न होता. १८२५मध्ये भिल्ल एजन्सी आणि कंपनीचा अधिकारी आउट्रम याची भिल्ल पलटण उभी राहिली ती त्यातूनच. त्यामागोमाग मोजणी आली, जमाबंदी आली, १८७८चा वन कायदा आला आणि कालपर्यंत आपल्या असलेल्या जंगलात काय करू नये हे कागदावर उमटले. सपाटीवर सावकाराची वही आली. वहीत काय लिहिले आहे हे ज्याला वाचता येत नव्हते, त्याचाच अंगठा तीत उमटत होता. शहादा-तळोदा भागात १९७२च्या सुमारास अंबरसिंग सुरतवंती आणि श्रमिक संघटनेचे कार्यकर्ते आदिवासींच्या हातून गेलेल्या जमिनी परत मागू लागले, तेव्हा ते भांडण जमिनीचे होते तसेच कागदाचेही होते. पिढ्यान्‌पिढ्या कागदाने फसवणूक होत आली असेल, तर त्या घरात मुलाने कागद हातात घेऊन रमावे अशी अपेक्षा कोणत्या आधारावर करायची? या मुलांच्या बोलीही एकदा कागदावर आल्या होत्या. ग्रियर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या नवव्या खंडाचा तिसरा भाग १९०७मध्ये निघाला, त्यात भिल्ली भाषांबरोबर पावरी, मावची, खानदेशी यांचे नमुने आहेत. सर्वेक्षणाने देशभरासाठी एक ठरावीक मजकूर निवडला होता: घर सोडून गेलेला आणि शेवटी बापाकडे परतलेला मुलगा, ही बायबलमधली कथा. म्हणजे या बोलींत एक सुरेख गोष्ट छापली गेली होती, तीही परत येणाऱ्या मुलाची. फक्त ती भाषापंडितांसाठी होती. ज्या मुलांच्या तोंडची भाषा तीत होती त्यांच्यापर्यंत तो जाडजूड ग्रंथ जाण्याचा काही प्रश्नच नव्हता.

उलट बाजूला तोंडातली गोष्ट किती संपन्न होती ते पाहावे. पावरा समाजात इंदल या विधीच्या रात्री पूजेबरोबर गायने चालतात ती रात्र सरेपर्यंत. पृथ्वी कशी झाली, धान्य कुठून आले, देव कसे वागले हे सारे त्यांत असते. याहामोगी देवीची कथा, राजा पांठाची कथा सातपुड्याच्या दोन्ही उतारांवर ठाऊक असते, आणि महाशिवरात्रीला देवमोगऱ्याच्या यात्रेला निघालेल्या कुटुंबातले मूल ती चालता चालता ऐकते. काठी गावच्या राजवाडी होळीला रात्रभर जागणारी मुले कथेच्या बाबतीत दरिद्री म्हणता येणार नाहीत. लांबलचक कथन लक्ष देऊन ऐकणे, पात्रे लक्षात ठेवणे, पुढे काय होणार याचा अंदाज बांधणे हेच तर वाचकाचे मूळ भांडवल. ते या मुलांपाशी शाळेत येण्याआधीपासून असते. शाळेने त्याची कधी मोजदाद केली नाही, एवढेच.

पण हे सारे एकट्या नंदुरबारचे दुर्दैव मानले तर चूक होईल. मराठीत लहान मुलांसाठी सुरुवातीला जे छापले गेले, तेही आनंदासाठी नव्हते. सदाशिव काशीनाथ छत्रे यांची ‘इसापनीती’ आणि ‘बालमित्र’ ही पुस्तके १८२८ची. दोन्ही इंग्रजीवरून आलेली, दोन्हींचा रोख वळण लावण्याकडे. पुढे मेजर कँडीच्या देखरेखीखाली क्रमिक पुस्तके तयार झाली, अमेरिकन मिशनने ‘बालबोधमेवा’ काढला, विनायक कोंडदेव ओकांनी १८८१मध्ये ‘बालबोध’ सुरू केले. या नावांतच बोध आहे. गंमत आणि बोध यांची ओढाताण न होता दोन्ही नांदू शकतात असे वाटायला वासुदेव गोविंद आपट्यांचे ‘आनंद’ मासिक १९०६मध्ये यावे लागले, आणि त्याच्या नावातला बदलही पुरेसा बोलका आहे. ही मासिके टपालाने वर्गणीदाराच्या घरी जात. म्हणजे ज्या घरात वर्गणीपुरते पैसे आणि मराठी दोन्ही होती तिथे. उरलेल्या मराठी मुलखाला वाचनाची गोडी लागली ती दुसऱ्याच वाटेने. श्रावणात कोणा एकाने श्रीधराचा ‘हरिविजय’ किंवा ‘पांडवप्रताप’ वाचायचा आणि बाकीच्यांनी ऐकायचा. अक्षर न ओळखणारी मुलेही त्या घोळक्यात असत. कागदाकडे पाहत माणूस गोष्ट सांगू शकतो, आणि उद्या तोच कागद आपल्यालाही तीच गोष्ट सांगेल, हा शोध मराठी मुलाला पोथीच्या बैठकीत लागला. सातपुड्यात बैठकी होत्या, पण पोथी नव्हती. दोन मुलखांतला फरक मुख्यतः एवढाच आहे, आणि तो लहान नाही.

या फरकावर उपाय कोणी केला होता का, हे शोधायला फार दूर जावे लागत नाही. एकोणिसावे शतक संपता संपता सुरतेहून अमळनेरपर्यंत तापी खोऱ्यातली रेल्वे झाली. व्यारा, सोनगड, मग खानदेशात शिरून नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा आणि शेवटी अमळनेर. आज नवापूर स्थानकाचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातमध्ये आहे. त्या काळी ही हद्द ब्रिटिश खानदेश आणि बडोदे संस्थान यांच्यातली होती. सोनगड आणि व्यारा हे सयाजीराव गायकवाडांच्या नवसारी प्रांतातले तालुके. तिथली वस्ती नवापुरासारखीच, जंगल तेच, नातीगोती हद्दीच्या अल्याड-पल्याड पसरलेली. राज्यकर्ता मात्र वेगळा. सयाजीरावांनी १८८५मध्ये सोनगडला आदिवासी मुलांसाठी वसतिगृह काढले. १८९३मध्ये अमरेलीत सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६मध्ये तो साऱ्या संस्थानाला लावला. त्यानंतर त्यांनी जे ओळखले ते त्या काळच्या हिंदुस्थानात फार थोड्यांना कळले होते: शाळेत शिकलेले अक्षर वापरायला काही मिळाले नाही तर मूल चार वर्षांत ते विसरते. म्हणून १९१०मध्ये विल्यम बॉर्डन हा अमेरिकन ग्रंथपाल बडोद्याला आणला गेला. तीन वर्षांत त्याने मोफत वाचनालयांचे जाळे विणायला घेतले. गावाने खर्चाचा एक वाटा उचलायचा, प्रांत पंचायतीने एक, संस्थानाने एक. जिथे वाचनालय उभे राहत नव्हते तिथे लाकडी पेट्यांत भरलेली पुस्तके पाठवली जात, आणि पेटीचे भाडे सरकार देई. बडोद्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयात लहान मुलांसाठी वेगळे दालन होते आणि त्यात पुस्तकांबरोबर खेळणीही होती. १९१२मध्ये दोन लाख रुपयांचा निधी बाजूला काढून सयाजी साहित्यमाला आणि सयाजी बालज्ञानमाला सुरू झाल्या, गुजराती आणि मराठी पुस्तके त्यांतून निघाली. त्याच सुमारास हद्दीच्या अलीकडच्या बाजूला, खानदेशातल्या मोठ्या गावांत जी वाचनालये होती ती वर्गणीची, प्रौढांची आणि वृत्तपत्रे चाळण्याची होती.

बडोद्याची मी स्तुती करतो आहे, पण ती पुरती नाही. सोनगडच्या जंगलातली मुले त्या पेट्यांमुळे घडाघड वाचू लागली असे म्हणायला आधार नाही, आणि तसे झाले नसणार असे मानायला कारण आहे. पेटीतले पुस्तक गुजराती होते. मुलाच्या घरची भाषा ती नव्हती. वसतिगृहाचा हेतूही मुलांना त्यांच्या रीतींपासून सोडवून शहाणे करण्याचा होता, त्यांच्या गोष्टींना पानावर जागा देण्याचा नव्हता. तरीही बडोद्याने एक गोष्ट कायमची सिद्ध केली. पुस्तक मुलापर्यंत नेणे हे सरकारचे काम आहे, मुलाने पुस्तकापर्यंत चालत यावे अशी अट घालता येत नाही. आणि पुस्तक प्रवासाला निघाले म्हणजे ते झिजणार, हरवणार, हा खर्च हिशेबात धरूनच ते पाठवायचे असते.

त्याच रेल्वेच्या दुसऱ्या टोकाला, अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये, १९२४ ते १९३० या काळात एका शिक्षकाने दुसरा धडा घालून दिला. साने गुरुजी तिथल्या छात्रालयाचे काम पाहत आणि मुलांसाठी ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक स्वतः लिहून काढत. १९२८मध्ये त्यांनी ‘विद्यार्थी’ मासिक सुरू केले. हस्तलिखित दैनिकाची कल्पना मला छापील मासिकापेक्षाही मोठी वाटते. त्याला वर्गणी नव्हती, त्यावर परीक्षा नव्हती, त्यात आपल्याच छात्रालयातली, आपल्याच गावातली माणसे होती. मूल सकाळी तिथे जाऊन उभे राही ते आज काय लिहिले आहे या उत्सुकतेने. वाचायला कोणी सांगितलेले नसताना वाचणे याची इतकी निर्मळ व्यवस्था आपल्याकडे क्वचितच झाली असेल. त्यांच्याच ‘श्यामची आई’चा घाट आठवावा. १९३३मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले हे पुस्तक प्रकरणांत नव्हे, रात्रींत विभागलेले आहे. एकजण सांगतो आहे, भोवती मित्र ऐकत बसले आहेत. मराठी मुलांनी ज्या पुस्तकाला सर्वांत जास्त जीव लावला, त्याची रचना मुळात ऐकण्याची आहे. लेखी आणि तोंडी या दोन परस्परविरोधी संस्कृती आहेत असे मानणाऱ्यांनी याचा विचार करावा.

स्वातंत्र्यानंतर डोंगरात शाळा पोहोचल्या, हे निर्विवाद मान्य केले पाहिजे. सेवाभावी संस्थांच्या आणि पुढे शासनाच्या आश्रमशाळा झाल्या. आदिवासी विकास विभागाची नंदुरबार आणि तळोदा अशी दोन प्रकल्प कार्यालये आज या जिल्ह्यात आहेत. बालभारती १९६७मध्ये स्थापन झाली, त्याच वर्षी सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला, १९७१मध्ये बालभारतीने ‘किशोर’ काढले आणि स्वस्त किमतीत दर्जेदार मासिक मराठी मुलांना मिळू लागले. १९८७च्या खडू-फळा योजनेतून प्राथमिक शाळांना गोष्टींची पुस्तके देण्यात आली. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे आणि त्यात गोष्टींची पुस्तके असावीत, असे स्पष्ट लिहिले आहे. मग पुस्तके गेली कुठे? बहुतेक कपाटात गेली, आणि कपाटाला कुलूप लागले. याबद्दल शिक्षकाला दोष देणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. शाळेत आलेली प्रत्येक वस्तू डेडस्टॉक रजिस्टरला चढते. ती हरवली किंवा फाटली की जबाबदारी मुख्याध्यापकाची. तपासणीला आलेला अधिकारी पुस्तके किती आहेत ते मोजतो, किती वाचून झिजली ते विचारत नाही. अशा व्यवस्थेत कोरे करकरीत पुस्तक हा चांगल्या कारभाराचा पुरावा ठरतो. जो कागद एकेकाळी वसुलीसाठी येत होता, तो आता देण्यासाठी आला खरा, पण हिशेबाची जुनी रीत सोबत घेऊन आला. बडोद्याने शंभर वर्षांपूर्वी पेटीची झीज गृहीत धरली होती. आपण अजून धरलेली नाही.

या साऱ्या इतिहासात कागद आणि बोली यांची खरी गाठ पडली ती नर्मदेच्या काठावर, आणि तीही संकटाच्या काळात. सरदार सरोवर धरणामुळे आजच्या नंदुरबार जिल्ह्यातली तेहेतीस गावे बुडिताखाली जाणार होती. त्यांतल्या कित्येक गावांत सरकारी शाळा नावापुरती होती. १९९१-९२च्या सुमारास अक्कलकुवा तालुक्यात चिमलखेडीला, आणि मग इतर गावांत, नर्मदा बचाव आंदोलनाने आणि गावकऱ्यांनी मिळून जीवनशाळा सुरू केल्या. लाकूड, बांबू, कूड गावाचे. शिकवणारे गुरुजी त्याच परिसरातले, मुलांची भाषा बोलणारे. सुरुवात मुलाच्या बोलीतून, मग हळूहळू मराठी. गावातल्या म्हाताऱ्यांच्या तोंडच्या गोष्टी, झाडे, मासे, औषधी वनस्पती, गावाचा इतिहास हे सारे शिकण्याचा भाग झाले आणि त्यातले काही देवनागरीत लिहूनही निघाले. पाणी चढले तसे काही शाळांचे कूड वाहून गेले आणि त्या वरच्या अंगाला पुन्हा बांधल्या गेल्या. दरवर्षी सगळ्या जीवनशाळांचा बालमेळा भरतो. आंदोलनाच्या भूमिकेशी कोणाचे कितीही मतभेद असोत, शिक्षणाच्या इतिहासात या शाळांचे महत्त्व त्यामुळे कमी होत नाही. ज्या गोष्टी आजोबांच्या तोंडून ऐकल्या त्याच पानावर दिसल्यावर मुलाला काय कळते? आपण जे बोलतो ते लिहिण्याच्या लायकीचे आहे, हे कळते. अडखळत अक्षरे लावताना पुढचा शब्द काय असेल याचा अंदाज बांधता येतो, कारण गोष्ट ठाऊक असते. वाचनाचा आनंद म्हणतात तो याच क्षणी सुरू होतो.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो बहुधा पालकच घेतात. पोराला पावरी घरी येतेच, शाळेत ती कशाला? त्याला मराठी आली पाहिजे, म्हणजे तो तलाठ्यापुढे, दवाखान्यात, बाजारात अडणार नाही. हा आक्षेप कळकळीचा आहे आणि त्यातली मागणी शंभर टक्के बरोबर आहे. फक्त तिथे जाण्याचा रस्ता चुकीचा समजला जातो. वाचन ही क्रिया माणूस एकदाच शिकतो. अक्षरे देवनागरीच आहेत. भिलोरीतल्या गोष्टीवर ती वाचायला शिकलेले मूल मराठी पानापाशी आले की त्याला फक्त भाषा नवी असते, वाचणे नवे नसते. मराठीतूनच सुरुवात केली तर दोन्ही एकदम नवे. युनेस्कोने १९५३मध्येच प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून व्हावे अशी शिफारस केली, राज्यघटनेच्या ३५०-अ कलमानेही १९५६पासून त्याची दखल घेतली आहे. दुसरा आक्षेप विद्वानांचा: या बोलींना प्रमाण रूप नाही, एका खोऱ्यातला शब्द दुसऱ्या खोऱ्यात चालत नाही, मग छापायचे काय? हेच आक्षेप एकेकाळी मराठीवर घेतले गेले होते. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१चा आहे. ‘बालमित्र’ त्याच्या तीन वर्षे आधीचा. म्हणजे भाषेची शिस्त पुरती बसण्याआधीच मुलांचे पुस्तक आले. आणि बोली छापल्याने मराठीचे काही बिघडते असे ज्यांना वाटते त्यांनी याच खानदेशातल्या बहिणाबाई चौधरींकडे पाहावे. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांच्या लेवा बोलीतल्या कविता मुलाने आणि आप्ताने उतरवून ठेवल्या, अत्र्यांनी त्यांचे मोल ओळखले, १९५२मध्ये पुस्तक निघाले, आणि आज मराठी पाठ्यपुस्तकांची कल्पना त्यांच्यावाचून करता येत नाही. असोद्याच्या मळ्यातल्या तोंडी कवितेसाठी जे झाले ते अक्राणीतल्या धडगावच्या पाड्यावरच्या तोंडी गोष्टीसाठी का होऊ नये?

आणखी एक आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. ज्या तालुक्यांत कुपोषणाने मुले दगावली, जिथली कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातात आणि मुले अर्धे वर्ष शाळेबाहेर राहतात, जिथे पाचवीतल्या मुलाला दुसरीचे पान वाचताना घाम फुटतो, तिथे वाचनाच्या आनंदाच्या गोष्टी करणे शोभते का? आधी अक्षर येऊ द्या, पोट भरू द्या. यावर उत्तर असे की आनंद हा अक्षरओळख झाल्यावर मिळणारा बक्षिसाचा लाडू नाही, अक्षर टिकण्याची ती अट आहे. पाठ्यपुस्तक वर्षाला शंभर-सव्वाशे पानांचे. तेवढ्याच पानांवर कोणाचेही वाचन वेगवान होत नाही. ते होते पुन्हा पुन्हा, आपल्या मर्जीने, चुका झाल्या तरी कोणी टोकणार नाही अशा जागी भरपूर वाचल्याने. सधन घरातल्या मुलाला ही जागा घरी मिळते म्हणून शाळेवर त्याचे फारसे अडत नाही. गरीब मुलाचे अडते. म्हणून गोष्टीची पुस्तके ही सुखवस्तू घरांपेक्षा पाड्यावर जास्त निकडीची आहेत. स्थलांतराचे म्हणाल, तर पेटी फिरू शकते हे बडोद्याने दाखवलेच आहे. मुकादमाबरोबर कोयते, भांडी आणि शेळ्या जातात, तशी पंचवीस पुस्तकांची पेटीही जाऊ शकते. हंगामी वसतिगृहात मागे राहणाऱ्या मुलांसाठी दुसरी ठेवता येते. मोबाइलबद्दल फार बोलण्याचे कारण नाही. डोंगरात जिथे रेंज येते तिथे तो चित्रफिती दाखवतो, आणि जिथे येत नाही तिथे तोही मुका. ‘किशोर’चे जुने अंक संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात ही चांगली सोय आहे, पण सहा वर्षांच्या मुलाला आधी पान उलटता आले पाहिजे.

राहिला प्रश्न तोंडी परंपरेचा. पुस्तक आले की गायने संपतील, गोष्ट सांगणाऱ्या आजीला कोणी विचारणार नाही, ही भीती आदिवासी समाजातले विचारी लोक बोलून दाखवतात. मराठीचा अनुभव उलटा आहे. पोथी छापली गेली म्हणून कीर्तन बंद पडले नाही. तोंडी परंपरा मोडते ती शाळा तिला अडाणीपणा म्हणते तेव्हा. आजीची गोष्ट वर्गात लिहून घेतली, मुलांनी तिची चित्रे काढली, शिवून तिचे पुस्तक केले आणि ते कपाटाबाहेर दोरीवर टांगले, तर दुसऱ्या दिवशी मूल आजीकडे आणखी गोष्टी मागायला जाते. त्यासाठी महागडा प्रकल्प लागत नाही. अमळनेरला एका शिक्षकाची लेखणी पुरली होती.

२०१५पासून १५ ऑक्टोबर हा वाचन प्रेरणा दिन म्हणून शाळाशाळांत साजरा होतो. एका दिवसाला माझी हरकत नाही, उरलेल्या दिवसांचे काय एवढेच विचारायचे आहे. नंदुरबार जिल्ह्यातले चार तालुके पूर्णपणे आणि दोन अंशतः अनुसूचित क्षेत्रात मोडतात. अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या पेसा कायद्यामुळे तिथल्या ग्रामसभांना आदिवासी उपयोजनेतल्या पाच टक्क्यांचा अबंध निधी थेट मिळतो. त्यातून दर पाड्याला एक पेटी घ्या. निम्मी पुस्तके मराठी असू द्या आणि निम्मी पाड्यावरच्या मुलांच्या बोलीत, त्यांच्या शिक्षकांनी आणि आजी-आजोबांनी मिळून केलेली. पेटी शाळेत नको, जिथे मुले संध्याकाळी खेळतात तिथे ठेवा. आणि जिल्हा परिषदेने व आदिवासी विकास विभागाने एवढा एकच आदेश काढावा: वापरून फाटलेले पुस्तक डेडस्टॉक रजिस्टरमधून कोणालाही खुलासा न मागता कमी करण्यात यावे.